विंडोज १० वरून लिनक्स मिंटवर: आधी घड्याळ लावा, मग ठरवा

ऐन दिवाळीत आत्याचा फोन आला. "अरे, हा लॅपटॉप म्हणतोय मुदत संपली. त्याची की माझी?"

मुदत विंडोज १० ची संपली होती. २९ जुलै २०१५ ला आलेल्या या प्रणालीच्या सुरक्षा-दुरुस्त्या मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवल्या. आत्याचा लॅपटॉप तसा ठणठणीत: ८ जीबी रॅम, आय५-७२००यू प्रोसेसर. पण विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. ७२०० मधला पहिला आकडा ७, म्हणजे सातवी पिढी. एका पिढीने गाडी चुकली.

मी तिला लिनक्स मिंट या मोफत प्रणालीवर नेलं, पण घाई केली नाही. त्याआधी दोघांना मी "अगदी सोपं आहे हो" असं सांगून एका दुपारीत मिंट बसवून दिलं होतं. दोघेही महिन्याच्या आत विंडोजवर परत. चूक माझी होती. 'सोपं' हा शब्द आपण फार सैल वापरतो. बहुतेक वेळा त्याचा अर्थ 'सवयीचं' इतकाच असतो, आणि सवय पंधरा दिवसांत बदलते. पंधरा दिवसांनंतरही जे नडतं, ते खरं अवघड. या दोन गोष्टी वेगळ्या काढायला अंदाज कामाचा नाही. कागद, पेन आणि मोबाइलमधलं स्टॉपवॉच लागतं.

जायचंच आहे का?

१४ ऑक्टोबरनंतर विंडोज १० बंद पडत नाही. चालू राहतं, फक्त नवी भोकं बुजवली जात नाहीत. घरगुती वापरासाठी वर्षभराची वाढीव मुदत आहे, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. सेटिंग्जमधल्या अपडेटच्या पानावरून नोंदणी करायची, त्यासाठी मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. आज जे शिकायचं ते शांतपणे शिकता यावं म्हणून ही मुदत घ्यायला हरकत नाही. आठव्या पिढीचा किंवा नंतरचा प्रोसेसर असेल, तर मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' हे तपासणीचं ॲप चालवून बघा. ते हो म्हणालं तर विंडोज ११ वर जा आणि हा लेख इथेच सोडा. अटींना बगल देऊन जुन्या यंत्रावर विंडोज ११ बसवून देणारे गल्लोगल्ली आहेत. ते चालतंही, पण पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. वडीलधाऱ्यांच्या यंत्रावर मी तो उद्योग करणार नाही.

आता कोणी जाऊच नये, ते सांगतो. टॅलीवर हिशेब असतील तर थांबा, टॅली विंडोजची आहे. श्रीलिपीसारखं, डोंगल लावून चालणारं डीटीपीचं सॉफ्टवेअर रोज वापरत असाल तर थांबा. प्राप्तिकराची एक्सेलमधली मॅक्रोवाली फाइल भरत असाल, तर ती लिब्रेऑफिसमध्ये, म्हणजे एमएस ऑफिसच्या मोफत पर्यायात, चालेल या आशेवर राहू नका. डिजिटल सहीचं टोकन वापरत असाल, तर त्याचं लिनक्सवरचं ड्रायव्हर (ते उपकरण संगणकाला ओळखू देणारं सॉफ्टवेअर) आधी मिळवा आणि खरोखरची एक सही करून बघा. कुंडलीचं सॉफ्टवेअर? बहुतेक विंडोजवरचंच. माझ्या ओळखीचे एक गुरुजी तेवढ्यासाठी जुना डेस्कटॉप नेटपासून तोडून कोपऱ्यात ठेवतात आणि बाकी सगळं मिंटवर करतात. मला ते शहाणपणाचं वाटतं.

मिंटच का?

लिनक्सच्या शेकडो आवृत्त्या आहेत आणि नवख्या माणसाचा निम्मा उत्साह त्यांतून निवड करण्यातच संपतो. एक घ्या आणि सहा महिने दुसरीकडे बघू नका. २००६ पासून चालत आलेलं मिंट मी सुचवतो, कारण त्याचा सिनॅमन हा चेहरा विंडोजसारखा आहे: खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजव्या कोपऱ्यात घड्याळ आणि वाय-फाय. ते उबुंटू या दुसऱ्या लिनक्सच्या पायावर उभं आहे, आणि सध्याच्या २२ मालिकेला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत. किमान रॅम २ जीबी सांगतात, पण ४ जीबीच्या खाली ब्राउझर उघडला की जीव मेटाकुटीला येतो. ४ जीबीच असेल तर सिनॅमनऐवजी मिंटचीच एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्या.

पहिलं काम कागदावर

संगणक बंद ठेवा. वही घ्या आणि गेल्या महिन्यात त्यावर खरोखर काय काय केलं ते लिहा. 'इंटरनेट' असं लिहू नका, 'बँकेचं स्टेटमेंट उतरवून सीएला मेल केलं' असं लिहा. आत्या निवृत्त शिक्षिका, शिवाय सोसायटीची सेक्रेटरी. तिची यादी नऊ ओळींची झाली:

- सोसायटीची नोटीस मराठीत टाइप करून छापणे
- मेंटेनन्सच्या पावत्या, जुन्या फाइलवरून
- फोनमधले फोटो लॅपटॉपवर घेणे
- व्हॉट्सॲप वेब
- वीजबिल भरून पावती जपणे
- लेकीशी व्हिडिओ कॉल
- कागद स्कॅन करून पीडीएफ
- पेनड्राइव्हवर फाइल घालून झेरॉक्सच्या दुकानात देणे
- यूट्यूबवर कीर्तन

बहुतेक घरांतल्या यादीत निम्म्याहून जास्त ओळी ब्राउझरमधल्याच निघतात, आणि ब्राउझर सगळीकडे सारखाच असतो. खरा प्रश्न उरलेल्या ओळींचा. आत्याच्या बाबतीत त्या पाच होत्या: नोटीस, पावत्या, स्कॅन, फोटो, पेनड्राइव्ह.

प्रिंटरचं मॉडेल याच कागदावर लिहा. एचपीचे बहुतेक प्रिंटर मिंटवर थोड्या कष्टात चालतात. आपल्याकडे दुकानादुकानांत दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० मात्र 'कॅप्ट' या वेगळ्या पद्धतीचं ड्रायव्हर मागतो आणि त्यासाठी खटपट करावी लागते. तो घरी असेल तर जाणता माणूस शेजारी असू द्या.

ॲप आधी बदला, प्रणाली नंतर

एकाच दिवशी घर, शाळा आणि स्वयंपाकघर बदललं तर पोर रडणारच. म्हणून विंडोजवरच असताना फायरफॉक्स हा ब्राउझर, लिब्रेऑफिस आणि व्हिडिओ चालवणारं व्हीएलसी बसवा आणि दोन-तीन आठवडे तेच वापरा. ही तिन्ही मिंटवरही आहेत. मग ज्या दिवशी प्रणाली बदलेल त्या दिवशी रोजचे चेहरे ओळखीचे असतील, फक्त अंगण नवं.

लिब्रेऑफिसमध्ये एक खाच आहे, मराठी माणसाला ती नक्की लागते. ते रोमन लिपीचा फॉन्ट आणि देवनागरीचा फॉन्ट वेगवेगळा धरतं. शैलीमध्ये जाऊन फॉन्टचा आकार १४ केला तरी मराठी मजकूर हलत नाही, कारण तुम्ही रोमनचा आकार बदललेला असतो. टूल्समधल्या ऑप्शन्सखाली भाषेच्या सेटिंगमध्ये 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' ही खूण चालू करा, म्हणजे देवनागरीचा वेगळा रकाना दिसू लागतो. ही एक गोष्ट सुरुवातीलाच सांगितली असती, तर माझ्या त्या दोघांपैकी एक तरी टिकला असता.

दुसरं, जुन्या फाइली. विंडोजवरचे मंगल आणि निर्मला यूआय हे फॉन्ट मिंटमध्ये नसतात. त्यांत लिहिलेली फाइल उघडते, अक्षरं दिसतात, पण ओळी सरकतात आणि एका पानाची नोटीस दीड पानाची होते. आत्याच्या नोटिशींचा साचा आम्ही मुक्ता या फॉन्टमध्ये नव्याने मांडला. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा हा मुक्त परवान्याचा फॉन्ट विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर बसतो. युनिकोडपूर्व फॉन्टमधल्या, म्हणजे फॉन्ट काढला की निव्वळ रोमन अक्षरांचा कचरा दिसतो तशा, फाइली असतील तर त्या विंडोजवर असतानाच युनिकोडमध्ये बदलून घ्या.

कागदपत्रांची ही देवाणघेवाण किती नडू शकते, ते म्युनिक शहराला विचारावं. तिथल्या नगरपालिकेने २००३ मध्ये लिनक्सवर जायचं ठरवलं, पुढच्या दहा वर्षांत पंधरा हजारांच्या आसपास संगणक बदलले, आणि २०१७ मध्ये विंडोजवर परतायचा ठराव केला. त्यात राजकारणही होतं. पण बाहेरून येणाऱ्या फाइली नीट न उघडण्याची कुरकुर सतत चालू होती.

पेनड्राइव्हवरून चाखून बघा

लिनक्सची ही सोय मला सगळ्यात आवडते. लग्नाआधी महिनाभर सासरी राहून बघता यावं, तशी. हार्डडिस्कला हात न लावता मिंट पेनड्राइव्हवरून चालवता येतं.

८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या. त्यातलं सगळं पुसलं जाणार आहे, त्यामुळे पुतण्याच्या मुंजीचे फोटो आधी काढून ठेवा. मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून सिनॅमनची आयएसओ फाइल (अख्खी प्रणाली एकाच फाइलीत) उतरवा, ती तीन जीबीच्या आसपास असते. मग रूफस किंवा बलेना एचर या मोफत साधनाने ती पेनड्राइव्हवर लिहा. फाइल नुसती कॉपी करून चालत नाही, नवख्यांची पहिली चूक हीच.

आता लॅपटॉप बंद करून पेनड्राइव्ह लावा, चालू करताना बूट मेनूची कळ पुन्हापुन्हा दाबा. डेल आणि लेनोवोवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९, एसरवरही एफ१२, असुसवर एस्केप. यादीतून पेनड्राइव्ह निवडला की मिनिटभरात मिंटचा डेस्कटॉप येतो. वाय-फाय, आवाज, कॅमेरा, टचपॅड, उजेड कमीजास्त करण्याच्या कळा, ब्लूटूथ आणि प्रिंटर इथेच तपासून घ्या. इथे वाय-फाय दिसलं नाही तर बसवल्यावरही आपोआप दिसेल असं समजू नका.

दोन इशारे. पेनड्राइव्हवरून चालताना केलेलं काम बंद केल्यावर नाहीसं होतं. आणि पेनड्राइव्ह मुळात संथ असतो, त्यामुळे 'मिंट हळू आहे' हा निष्कर्ष इथे काढू नका.

घड्याळ लावून परीक्षा

आता ती नऊ ओळींची यादी काढा. प्रत्येक कामापुढे तीन रकाने आखा: किती वेळ लागला, किती वेळा चुकीच्या जागी गेलो, आणि कोणाला विचारावं लागलं का. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. वेळ दुप्पट लागला तरी माणूस चिडत नाही, पण प्रत्येक वेळी भाच्याला फोन करावा लागला की लॅपटॉप मिटून ठेवतो.

तीच कामं आधी विंडोजवर करून वेळ लिहा, मग मिंटवर. परीक्षा घेणाऱ्याने हाताची घडी घालून मागे बसायचं. हे फार कठीण जातं. आत्याला फोटो घ्यायला सांगितले तेव्हा तिने केबल लावली, पडद्यावर फोनची खिडकी आपोआप उघडली, आणि तिने ती पहिल्याच झटक्यात बंद केली. विंडोजवर अशी खिडकी आली की ती नेहमी बंदच करायची. मग 'माय कॉम्प्युटर' शोधू लागली. "अरे, इथं सी ड्राइव्ह कुठाय? डी पण नाही. मग फोटो ठेवू कुठं, तुझ्या डोक्यावर?" मी जीभ चावून गप्प. विंडोजवर १ मिनिट १० सेकंद लागणाऱ्या या कामाला मिंटवर ४ मिनिटं २० सेकंद लागली, त्यातली तीन मिनिटं निव्वळ सी ड्राइव्हच्या शोधात. लिनक्समध्ये सी-डी अशी अक्षरं नसतातच. तुमचं सगळं 'होम' नावाच्या घरात असतं, त्यात डॉक्युमेंट्स, पिक्चर्स वगैरे खोल्या. हे एकदा सांगितलं.

दोन आठवड्यांनी तेच काम ५५ सेकंदांत झालं. म्हणजे ती अडचण सवयीची होती. स्कॅन पहिल्या दिवशी पावणेचार मिनिटं, पंधराव्या दिवशी साडेतीन. तिथे सवयीने काही केलं नाही. खरी अडचण ती, कारण स्कॅनच्या ॲपमध्ये जास्त पानांची एकच पीडीएफ करायची रीत तिच्या जुन्या ॲपपेक्षा आडवळणाची आहे. पहिल्या दिवशी मात्र दोन्ही सारखीच 'अवघड' वाटली होती.

सवय आणि सोपेपणा यांची गल्लत मोठ्या कंपन्यांचीही होते. ऑक्टोबर २०१२ मध्ये विंडोज ८ आलं तेव्हा कोपऱ्यातलं स्टार्ट बटण काढून टाकलं होतं. लोकांनी इतका ओरडा केला की वर्षभरात, विंडोज ८.१ मध्ये, बटण परत आलं. उबुंटूने २०१० मध्ये खिडकी बंद करायची बटणं उजवीकडून डावीकडे नेली आणि २०१७ मध्ये निमूटपणे परत उजवीकडे आणली. बटण कुठल्याही बाजूला असो, दाबायला कष्ट तेवढेच. पण लाखो बोटांना जागा पाठ झालेली असते. आपल्याकडे एक अख्खी पिढी एमएस-सीआयटी करून संगणक शिकली. २००१ मध्ये सुरू झालेल्या त्या अभ्यासक्रमाने 'संगणक म्हणजे विंडोज आणि ऑफिस' हे समीकरण घराघरात नेलं. तिकडे केरळमध्ये सरकारी शाळांतल्या प्रयोगशाळा कित्येक वर्षं लिनक्सवर चालतात. तिथल्या दहावीच्या पोराला मिंट दिलं तर त्याला हा लेख कशासाठी लिहिलाय तेच कळणार नाही.

आकड्यातच उत्तर हवं असेल तर एक जुनी, कामाची प्रश्नावली आहे: सिस्टिम युजेबिलिटी स्केल. जॉन ब्रूक यांनी १९८६ मध्ये केलेली. दहा विधानं, प्रत्येकाला १ ते ५ गुण. विषम क्रमांकांची विधानं कौतुकाची, सम क्रमांकांची तक्रारीची. विषम विधानाच्या गुणांतून १ वजा करायचा, सम विधानाचे गुण ५ मधून वजा करायचे, सगळ्यांची बेरीज करून अडीचने गुणायचं. उत्तर शून्य ते शंभरच्या मध्ये येतं. सर्वसाधारण सरासरी ६८ धरतात, त्यामुळे ६० आले की 'फर्स्ट क्लास' असं समजू नका. माझ्या मते घरच्या घरी तीन रकान्यांचा कागद पुरतो, पण एखाद्या शाळेची किंवा ग्रंथालयाची पंचवीस यंत्रं बदलायची असतील तर ही प्रश्नावली जरूर वापरा.

आणखी एका बाबतीत फसगत होते, आणि ती लिनक्सचे भक्त मुद्दाम सांगत नाहीत. आठ वर्षं कचरा साठलेलं विंडोज आणि काल बसवलेलं मिंट यांची तुलना म्हणजे वापरलेली चादर आणि नवी चादर. त्यातच बहुतेक लोक त्याच वेळी फिरती हार्डडिस्क काढून एसएसडी ही वेगवान डिस्क टाकतात. मग यंत्र पळायला लागलं की "बघा, लिनक्स!" त्या वेगातला मोठा वाटा एसएसडीचा असतो.

बसवायची वेळ

कागदावरचा निकाल हो आला, तर पुढे जा. आधी फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि ती दुसऱ्या यंत्रावर उघडून बघा. न उघडलेला बॅकअप म्हणजे बॅकअप नव्हे. ती डिस्क एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेली बरी. विंडोज, मिंट, मॅक तिन्ही तिच्यावर वाचू-लिहू शकतात, तर विंडोजची एनटीएफएस पद्धतीची डिस्क मॅक नुसती वाचतो.

लॅपटॉपमध्ये अडीच इंची, साटा जोडणीची डिस्क असेल तर माझा सल्ला असा: नवी २५० जीबीच्या आसपासची एसएसडी आणा, जुनी डिस्क स्क्रू काढून बाहेर घ्या, नवी बसवा आणि तिच्यावर मिंट टाका. चार स्क्रूचं काम, कोपऱ्यावरचा दुरुस्तीवाला पाच मिनिटांत करून देईल. यात काहीही बिघडलं तरी तुमचं जुनं विंडोज जसंच्या तसं कपाटात आहे. पोटात धाकधूक नसली की माणूस लवकर शिकतो.

एकाच डिस्कवर दोन्ही ठेवायचं असेल तर ती वाट थोडी काट्यांची आहे. आधी विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कला लावलेलं कुलूप, चालू आहे का बघा. असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या आणि ते बंद करा. मग कंट्रोल पॅनलमधल्या पॉवरच्या पर्यायांत 'फास्ट स्टार्टअप' बंद करा. ते चालू असलं की विंडोज पूर्ण बंद न होता अर्धवट झोपतं, आणि मिंटला त्या भागावर लिहिता येत नाही. डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी ड्राइव्ह आक्रसून निदान ६० जीबी मोकळी करा. आता पेनड्राइव्हवरून मिंट चालू करून डेस्कटॉपवरचं इन्स्टॉलचं चिन्ह दाबा. भाषा, कीबोर्ड, कोडेकची (गाणी-व्हिडिओ चालवायच्या सोयीची) खूण, आणि मग तो एक पडदा येतो जिथे श्वास रोखायचा: 'विंडोजच्या शेजारी बसवा' की 'डिस्क पुसून बसवा'. दुसऱ्यावर बोट गेलं की सगळं गेलं. दोनदा वाचा. पुढे वेळेसाठी कोलकाता निवडायचं, नाव-पासवर्ड द्यायचा आणि चहा करायला जायचं.

दोन्ही प्रणाली एकत्र ठेवणाऱ्या भारतीयांना हमखास दिसणारं एक भूत: मिंट वापरून विंडोजमध्ये गेलात की घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे. यंत्र बिघडलेलं नसतं. मदरबोर्डवरच्या घड्याळात लिनक्स जागतिक वेळ ठेवतं, विंडोज त्यालाच स्थानिक वेळ समजतं, आणि दोन्हींतला फरक आपल्या प्रमाणवेळेइतका, म्हणजे साडेपाच तासांचा. मिंटला त्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवायला सांगणारी एक ओळ टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) एकदा लिहिली की भूत उतरतं.

मराठी उमटली पाहिजे

हे पहिल्याच दिवशी करा. सेटिंग्जमध्ये कीबोर्ड, त्यात लेआउट्स, अधिकची खूण दाबून मराठी शोधा. इनस्क्रिप्ट हा लेआउट येत असेल तर तुम्ही सुटलात, कारण तो विंडोज, लिनक्स आणि बऱ्याच मोबाइलवर सारखाच आहे: डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं. उच्चाराप्रमाणे टाइप करणाऱ्यांसाठी 'कगप' नावाचा फोनेटिक लेआउट यादीत आहे. तोही जमत नसेल तर सॉफ्टवेअर मॅनेजरमधून आयबस हे टाइपिंगचं साधन आणि त्याचं एम१७एन हे पॅकेज घ्या, त्यात आणखी पद्धती मिळतात.

मग एक वाक्य टाइप करून बघा: "दुसऱ्या ॲपमधला तळाचा ठळक मजकूर छापा." 'ऱ्या'मधला र इनस्क्रिप्टवर र च्याच कळीवर शिफ्ट दाबून येतो, मग हलन्त, मग य. ळ हा ल च्या कळीवर शिफ्टने. 'ॲ' हे एकच अक्षर म्हणून उमटतंय की अ वर टोपी वेगळी बसतेय, तेही बघा. वेगळी बसली तर नंतर फाइलीत शब्द शोधताना सापडत नाही. ल आणि श मराठी वळणाचे दिसतात का? हिंदी वळणाचे दिसले तर मजकुराची भाषा मराठी निवडा किंवा फॉन्ट बदला. रुपयाच्या चिन्हासाठी 'इंग्रजी, भारत, रुपयासह' हा लेआउट जोडा आणि उजवा ऑल्ट धरून ४ दाबा.

पहिले पंधरा दिवस

नवं सॉफ्टवेअर हवं असलं की ब्राउझरमध्ये शोधून एक्सई फाइल उतरवायची सवय मोडा. मिंटमध्ये सॉफ्टवेअर मॅनेजर उघडायचा, नाव लिहायचं, बसवायचं, फोनवर करतो तसंच. टाइमशिफ्ट पहिल्याच दिवशी चालू करा. काही बिघडलं तर प्रणाली कालच्या स्थितीला नेता येते. मात्र ते प्रणालीची प्रत ठेवतं, तुमच्या फोटोंची नाही. फाइलींच्या नावात रोमनची मोठी आणि छोटी लिपी वेगळी धरली जाते, त्यामुळे 'बिल' नावाच्या दोन फाइली शेजारी शेजारी दिसल्या तर दचकू नका. टर्मिनलला घाबरू नका, पण कुठेतरी वाचलेली ओळ अर्थ न समजता त्यात चिकटवूही नका.

अडलं की तारीख घालून वहीत लिहा आणि शक्यतो लगेच फोन करू नका. आत्याच्या वहीत पहिल्या आठवड्यात अकरा नोंदी होत्या, दुसऱ्यात तीन. पंधराव्या दिवशी नऊही कामांची परीक्षा पुन्हा घेतली. सात कामं विंडोजइतक्या किंवा कमी वेळात झाली, नोटिशीला अर्धा मिनिट जास्त लागला, आणि स्कॅन जिथे होतं तिथेच. स्कॅनसाठी ती आता फोन वापरते. ही पळवाट आहे, पण तिची तक्रार नाही.

सात दिवसांनी निम्म्याहून जास्त कामांत कोणाला तरी विचारावंच लागत असेल, तर तिथेच थांबा आणि परत फिरा. त्यात कमीपणा नाही.

आणि ती कपाटातली जुनी डिस्क. तिच्यावर चिठ्ठी चिकटवा, वर्ष आणि पासवर्डची खूण लिहा, आणि निदान एक ३१ मार्च आणि एक ३१ जुलै उलटेपर्यंत पुसू नका. वर्षातून एकदाच लागणारी कामं महिन्याच्या यादीत आलेली नसतात. आत्याला मार्चअखेर सोसायटीच्या ऑडिटसाठी २०१९ ची एक एक्सेल फाइल हवी होती. ती डेस्कटॉपवरच्या 'न्यू फोल्डर ३'मध्ये सापडली.